तबकडी खाली

सून : बाबा, टॉर्च माझ्या डोळ्यांत नको, आत मारा. त्या पत्र्याच्या खणात.

सासरे : मारतोय की. तूच मध्ये डोकं घालतेस. हा घे चौथा स्क्रू. अंहं, बोटानं नको, चिमट्यानं धर. आत पडला तर कॉम्प्युटर पालथा घालून हलवत बसावं लागेल.

सून : बसला. आता या नव्या डिस्कला ही चपटी केबल डेटाची आणि ही करंटची. आई, पाटी जरा उजेडात धरा, अक्षर दिसत नाहीये.

पाटी : चहा गार झाला. दोघांचाही.

सून : पिते हो, दोन मिनिटं. बाबा, तुमचा कप घ्या. बाबा! अहो बाबा!

सासरे : हां? काय?

सून : चहा.

सासरे : जुनीच्या शेजारी नवी बसली बघ. जावा-जावा. नांदतील ना एका घरात?

पाटी : तिसऱ्या हाकेला ऐकलं. संसारभर हेच. पहिल्या हाकेला ओ नाही.

सासरे : अगं, डोळ्याला भिंग लावलेलं असताना माणूस ओ देईल कसा? श्वास सोडला तरी घड्याळातली केसाएवढी हेअरस्प्रिंग हलते.

सून : गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईंची जीभ जास्तच धारदार झालीय, नाही?

पाटी : खडू झिजतो. नेमकं बोलावं लागतं.

सून : बरं, बटण दाबते आता. ज्याला जे म्हणायचंय ते मनातल्या मनात म्हणा.

पाटी : माझं सगळंच मनातल्या मनात.

सासरे : गप्प. ऐकू दे. टक्... टक्... थांबली. उठत नाहीये जुनी.

सून : सकाळी पण असंच झालं. पुन्हा दाबते.

सासरे : टक्... नाही. दम लागतोय तिला. मागच्या आठवड्यात मी सांगितलं ना, हिचा ठोका चुकतोय म्हणून? तुझा नवरा म्हणतो, बाबा, तो पंख्याचा आवाज. पंखा म्हणे! बेचाळीस वर्षं लोकांची घड्याळं कानाला लावून जगलो मी, आणि हा मला पंखा शिकवतो.

सून : ते तुमचेच चिरंजीव आहेत. पण तुमचा कान म्हणजे कमाल आहे हं बाबा. आमच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यातली डिस्क अशीच टकटक करत गेली. चार दिवसांत. तुम्ही म्हणालात आणि मला तीच आठवली. म्हणून तर परवा धावतपळत नवी आणली. हं, तिसऱ्यांदा दाबते.

सासरे : टक्... हां. हां! उठली. फिरतेय. ऐक, आता सूर लागला.

पाटी : तुमच्यासारखीच. तिसऱ्या हाकेला.

सून : आता मात्र हिला बंद करायची नाही. सगळं नवीवर उतरेपर्यंत श्वास सुद्धा जपून घ्यायचा. आठशे जीबी आहे, बाबा. पेनड्राइव्हात मावत नाही, इंटरनेटवर चढवायचं तर महिना जाईल. आणि ज्यांवरून हे उतरवलं त्या कॅसेटी तर...

पाटी : भंगारात. मीच दिल्या. अडगळ होती.

सून : नव्वद मिनिटांच्या नऊशे कॅसेटी! मी लग्न होऊन आले तेव्हा दुकान बंद झालेलं, त्यामुळे मला अजून कळत नाही, घड्याळांचा आवाज टेप करायचं डोक्यात आलं कुणाच्या?

सासरे : हिच्या. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत यायचं, म्हणायचं, तुम्ही नीट केलं नाहीत, पूर्वी असं चालत नव्हतं. मी म्हणायचो चालत होतं, तो म्हणायचा नव्हतं. ही म्हणाली, भांडता कशाला, टेप करून ठेवू. मग घड्याळ आलं की एकदा, दुरुस्त झालं की एकदा. प्रत्येक कुशीवर दोन-दोन मिनिटं. तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली.

सून : कुशीवर म्हणजे?

सासरे : अगं, घड्याळ माणसासारखंच असतं. उताणं एक चालतं, पालथं दुसरं. एका कुशीवर धापा टाकतं आणि वळवलं की गाढ झोपल्यासारखं शांत. चार हजार दोनशे अकरा घड्याळं केली. आणि प्रत्येक टेपच्या सुरुवातीला हिचा आवाज. क्रमांक अमुक, तबकडी अमुक.

सून : म्हणजे आईंचा आवाज आता जगात तेवढाच आहे. या टकटकणाऱ्या डबीत.

पाटी : ठेवा. लावू नका.

सून : माहितीये हो आई. दीड वर्षात एकदा तरी कुणी लावलाय का?

पाटी : मी समोर आहे. माणूस असताना टेप कशाला?

सासरे : मी कधी म्हटलं लाव म्हणून?

पाटी : म्हणाला नाहीत. रोज सकाळी कॉम्प्युटरवरची धूळ पुसता.

सासरे : धूळ वाईटच. कुठल्याही यंत्राला.

सून : हे बघा, नवी दिसली! आता ती विचारतेय, हिला कोरी करून आखून देऊ का म्हणून. नवी वही आखतात तसं. डिस्क शून्य म्हणजे जुनी, डिस्क एक म्हणजे नवी. आपल्याला एक.

सासरे : थांब. हात काढ तिथून. चुकून शून्यावर दाबलंस तर?

सून : तर सगळं गेलं. म्हणून तीनदा वाचणार. तुम्ही पण वाचा. आई, तुम्ही पण.

सासरे : एक. दोन टीबी. नवी.

पाटी : एक.

सून : दाबलं. झालं कोरं. बाबा, घाम पुसा. तुम्हाला सांगते, मला या डिस्कचं अजून अप्रूप वाटतं. आत आरशासारखी तबकडी असते. मिनिटाला पाच हजार चारशे फेरे. तिच्यावर एक इवलासा हात, हाताच्या टोकाला डोकं. आणि ते डोकं तबकडीला टेकत नाही! तबकडी फिरते त्या वाऱ्यावर तरंगतं. मध्ये फट किती, माहितीये? आपला एक केस घ्या, त्याचे दहा हजार पापुद्रे काढा. त्यातला एक पापुद्रा.

सासरे : तरीच. तरीच कुठे घासल्याची खूण नव्हती. मला वाटलं, एवढं फिरतं आणि वंगण कसं नाही! दातेरी चाक नाही, स्प्रिंग नाही. नुसता हात, आणि तो सुद्धा कोपरापासून असा वळलेला...

सून : हो, अगदी तसाच. आणि धुळीचा एक कण आत गेला ना, तर त्या डोक्याच्या दृष्टीनं तो डोंगर. आदळलं की संपलं. म्हणून डिस्क बनवतात त्या खोलीतली हवा सुद्धा गाळून घेतात म्हणे. आपल्यासारख्यांनी झाकण उघडायचंच नाही. एक मिनिट. कोपरापासून वळलेला हे तुम्हाला कसं माहीत?

सासरे : ऐकीव.

पाटी : खोटं.

सासरे : अगं...

पाटी : काल दुपारी. तू कामावर होतीस.

सून : काय काल दुपारी? बाबा, माझ्याकडे बघा. काल दुपारी काय?

सासरे : हे बघ सूनबाई, आमच्या धंद्यात एक रीत आहे. माझ्या उस्तादानं घालून दिलेली. नवं असो, जुनं असो, जे यंत्र आपण अंगावर घेतलं ते आतून पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहायचं नाही. आणि या यंत्राच्या भरवशावर मी काय ठेवणार होतो? डोळे झाकून ठेवू?

सून : उघडलीत? ही? नवी कोरी डिस्क उघडलीत?

सासरे : चांदणीच्या आकाराचे स्क्रू होते. एक चिकटपट्टीखाली लपवलेला. पण सापडला.

सून : अरे देवा.

सासरे : उघड्यावर नाही ग उघडली! माझ्या काचपेटीत. हात स्पिरिटनं धुतले, डोक्याला फडकं बांधलं, तोंडाला बांधलं. अकरा मिनिटं, जास्त नाही. आणि आत काही शिवलो नाही. नुसतं पाहिलं.

पाटी : नुसतं नाही. खूण सांगा.

सासरे : हां, ती आपली... झाकणाच्या आतल्या अंगाला खूण कोरली. प्रत्येक घड्याळात कोरतो तशी. तारीख, माझं अक्षर आणि क्रमांक. चार हजार दोनशे बारा.

सून : कोरली? सुईनं? आत? अहो बाबा, कीस पडला असेल!

सासरे : झाकण पेटीबाहेर नेऊन कोरलं. फुंकणीनं फुंकलं, पुसलं, भिंगाखाली धरून पाहिलं. माझ्या हातून घड्याळात कधी कीस पडलेला नाही.

सून : हे घड्याळ नाहीये! किती वेळा सांगू? तुम्हाला भिंगातून दिसत नाही असा कण सुद्धा तिला पुरतो. मी काय करू आता? एक मरायला टेकलेली, आणि दुसरी... दुसरीचं तुम्ही पोट फाडून ठेवलंत. आईंचा आवाज आहे त्यात, बाबा! तुमच्या लक्षात येतंय का?

सासरे : मला सांगतेस? मला?

पाटी : ओरडू नका. दोघंही. फिरतेय ना ती?

सून : फिरतेय खरी. दिसतेय, आखून पण घेतलं. पण भरवसा काय? एक तास चालेल, एक दिवस चालेल, नाहीतर आत्ता बसेल.

सासरे : बंद करून उद्या दुसरी आणू. माझी चूक, मी जातो आणायला.

सून : आणि उद्या जुनी उठलीच नाही तर? आज तिसऱ्यांदा उठलीय.

सासरे : मग तू म्हणशील तसं. मी काही बोलत नाही. चुकलो मी, पोरी. एवढं बेचाळीस वर्षांत कुठे चुकलो नव्हतो.

पाटी : उतरव. हिच्यावरच.

सून : नक्की, आई?

पाटी : ह्यांच्या हातचं उघडलेलं बंद पडलेलं पाहिलं नाही मी.

सून : ठीक. तुमचा आवाज, तुमचा निर्णय. पहिल्यांदा कुठलं घेऊ? अर्ध्यात काही झालं तर निदान ते तरी राहील.

पाटी : २११७.

सासरे : एकवीसशे सतरा? कुणाचं होतं ते?

पाटी : नंतर.

सून : घेतलं. आता बाकीची ओळीनं. दाखवतंय चार तास. बाबा, जे काही पाहिलंत ना काल आत, ते सांगा आता. नाहीतर मी इथे बसून नखं खाईन.

सासरे : रागावणार नाहीस?

सून : रागावलेलीच आहे. सांगा.

सासरे : झाकण उचललं आणि मी दचकलो. मला वाटलं आत कुणीतरी आहे. मीच होतो. असा आरसा मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यात माझं भिंग, भिंगात माझा डोळा, डोळ्याच्या बाजूच्या सुरकुत्या, सगळं मोजून घ्यावं असं. ना ओरखडा, ना डाग. मी शोधत होतो, की याच्यावर लिहिणार कुठे? खाच नाही, रेघ नाही, काही नाही. आणि म्हणे याच्यात चार हजार दोनशे अकरा घड्याळं मावणार, आणि वर जागा उरणार. मी हिला बोलावलं. म्हटलं, ये, बघ, तू कुठे राहायला जाणार आहेस ते.

सून : आई, तुम्ही पण पाहिलंत?

पाटी : पाहिलं. केस नीट केले त्यात.

सून : आई!

सासरे : हसतेस काय, खरंच केले. काचेबाहेरून. मला सूनबाई, आयुष्यभर वाटायचं, बारीक काम म्हणजे आमचं. बायकांच्या घड्याळातला स्क्रू तिळाएवढा सुद्धा नसतो, तो मी बसवायचो. गर्व होता म्हण ना. काल त्या पेटीपुढे बसून हात जोडले मी. कुणी केलं असेल हे? आपल्यासारखीच दोन हात, दहा बोटं असलेल्या माणसांनी! बंद करताना लाज वाटली. वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

सून : शिरलातच.

(तीन तासांनंतर. टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे तोंड करून लावलेला.)

सून : फॅन लावायचं बरं सुचलं तुम्हाला. वेग सुधारला लगेच.

सासरे : तापलं की धातू फुगतो. उन्हात ठेवलेलं घड्याळ कधी वेळेवर चाललंय? किती झालं?

सून : अठ्ठ्याहत्तर टक्के. एकोणऐंशी. तुमची चार हजार दोनशे बारा नंबरची गुणाची आहे हो. एक चूक नाही अजून.

सासरे : शू. टक्. ऐकलंस?

सून : नाही.

सासरे : टक्. टक्. जुनी. अडखळतेय ती. अगं, अडखळतेय!

सून : थांबलं. स्क्रीन थिजला. नाही, नाही, नाही... गेली. दिसतच नाही आता. बंद करावं लागणार.

सासरे : करू नको!

सून : बाबा, थांबलीय ती. टकटक करत ठेवली तर उलट तबकडी खरवडून काढेल. केलं बंद.

सासरे : किती राहिलं?

सून : एकवीस टक्के. म्हणजे नऊशेच्या आसपास घड्याळं. शेवटची. दुकानाची शेवटची सहा-सात वर्षं.

पाटी : असू दे. बाकी आलं ना?

सासरे : असू दे कसं? असू दे काय? तुझा आवाज आहे तो! दीड वर्ष मी त्या डबीची धूळ पुसतोय. लावू दिलं नाहीस, नाही लावलं. पण आहे, एवढं मला पुरत होतं. आत आहे, झोपलाय, एवढं. कळत नाही तुला?

पाटी : कळतं.

सून : बाबा, बसा. पाणी घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा लावून बघू. फार आशा नाही, पण बघू.

सासरे : ही जुनी किती वर्षं इथे आहे?

सून : नऊ-दहा.

सासरे : आणि दहा वर्षं अशीच? उताणी? याच कुशीवर?

सून : हो. खण तसाच आहे ना. का?

सासरे : काढ ती. चारी स्क्रू काढ, केबल राहू दे. पालथी घाल. तबकडी खाली.

सून : बाबा, पुन्हा सांगते, ही घड्याळ...

सासरे : नाहीये. मान्य. मी अडाणी, मी मूर्ख, मी नवी डिस्क फोडली. पण चाक आहे ना? आसावर फिरतं ना? मग त्या आसाचा भार कुठेतरी पडतोच. दहा वर्षं एकाच जागी पडून तिथे झीज झाली असेल. शेकडो घड्याळं अशी आली माझ्याकडे, मेलेली म्हणून. दुसऱ्या कुशीवर वळवली आणि चालू लागली. कायमची नाही, पण चालली. आपल्याला कुठे कायमची हवीय? एक तास हवीय.

पाटी : कर.

सून : करते. चिमटा द्या. आमच्याकडे पेशंटला धाप लागली की डॉक्टर हेच सांगतात, कुशीवर वळवा. हं, निघाली. खाली काय घालू? पत्र्याला टेकायला नको.

सासरे : हा घे, माझा फलालीनचा तुकडा. यावर घड्याळं ठेवायचो. सावकाश. हलता कामा नये.

सून : पालथी ठेवली. दाबू?

सासरे : दाब.

पाटी : मीही गप्प बसते.

सून : आई, हसवू नका आत्ता. दाबलं.

सासरे : थांब. कान लावू दे.

सून : बाबा? काय ऐकू येतंय?

सासरे : काही नाही.

सून : काही नाही म्हणजे?

सासरे : टक् नाही. एकदाही नाही. नुसता फिरण्याचा सूर. पोरी, पहिल्या हाकेला उठली ती!

सून : आली! दिसली! अहो बाबा, दिसली ना! उरलेलं घेते, लगेच घेते. वेग बघा, मघापेक्षा जास्त आहे. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसेल.

सासरे : बोलू नको. चालू दे तिला.

सून : ब्याऐंशी... पंच्याऐंशी... नव्वदला पोचली. तुम्ही बसा तरी, मघापासून उभे आहात.

सासरे : उभाच बराय.

सून : सत्त्याण्णव. नव्व्याण्णव. झालं. बाबा, झालं! मोजते. चार हजार दोनशे अकरा फोल्डर. एकही कमी नाही.

सासरे : मोज पुन्हा.

सून : चार हजार दोनशे अकरा. रडताय कशाला आता?

सासरे : भिंग लावून डोळ्यांना पाणी यायची सवय आहे.

सून : भिंग कुठेय? बरं, ऐका. उद्या दुसरी डिस्क आणते, न फोडलेली, आणि तिच्यावर पुन्हा सगळं उतरवते. तुमच्या नंबर चार हजार दोनशे बारावर मी आयुष्य काढणार नाही. आणि ती नवी माझ्या कपाटात, कुलपात राहील.

पाटी : किल्ली माझ्याकडे.

सासरे : कबूल. आणि मुलाला काही सांगू नका.

पाटी : आता लाव.

सून : काय लावू, आई?

पाटी : २११७.

सून : लावू? नक्की? तुम्हीच म्हणता, समोर माणूस असताना...

पाटी : मघाशी ती उठत नव्हती. ह्यांचं तोंड पाहिलं. लाव.

सासरे : नको. तुला त्रास होईल. तुझ्या मनाविरुद्ध काही नको.

पाटी : गप्प बसा. ऐका.

कॉम्प्युटर : क्रमांक दोन हजार एकशे सतरा. खिशातलं घड्याळ, चांदीचं झाकण, दुरुस्तीनंतर. तबकडी खाली.

सून : आई! हा तुमचा आवाज? मी आले तेव्हा घोगरा झालेला होता. हा असा होता? असा भरलेला? आणि टिकटिक किती जवळून येतेय, जणू इथेच टेबलावर आहे.

सासरे : छान चाललंय. स्वच्छ ठोका. आठवलं मला ते. मागे भांडं वाजलं बघ, स्वयंपाकघरात. आणि तो खुर्चीचा आवाज, तो मी. पुढे वाकलोय. काय काम करत होतो कोण जाणे.

सून : अजून एक मिनिट आहे. आई, पुढे आहे का काही?

पाटी : आहे.

कॉम्प्युटर : अहो.

सासरे : ओ.